टर्मिनलवरून इन्स्टॉल आणि फायलींची आवराआवर : मराठवाड्यातल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू नाहीतर मिंट हे लिनक्स टाकून काम भागवणारे आपल्याकडं बरेच आहेत. डाउनलोड केलेलं सॉफ्टवेअर टर्मिनलवरून (कमांड टाइप करायच्या खिडकीतून) कसं टाकता, फायली कशा सांभाळता, ते इथं लिहा. कमांड नेमकी सांगा, म्हणजे नवख्यांना लगेच वापरता येईल.

अंबाजोगाईहून
आमच्याकडं लाइट कधी जाईल याचा नेम नाही. लाइट गेली की राउटर बंद, आणि काही जीबीची फाइल अर्ध्यात लटकते. म्हणून मोठं काही असलं की मी 'डब्ल्यूगेट हायफन सी' आणि पुढं फाइलची लिंक, या डाउनलोडच्या कमांडनंच उतरवते. लाइट आली की त्याच फोल्डरमधून तीच कमांड पुन्हा द्यायची; जिथं तुटलं तिथून पुढं सुरू होतं. सर्व्हरवर तशी सोय लागते, पण ती बहुतेक ठिकाणी असते. मग फाइल नीट उतरली का ते बघायला तिच्यावर 'एसएचए256सम' चालवून आलेली 64 अक्षरं साइटवर दिलेल्या अक्षरांशी जुळवायची. एक जरी वेगळं निघालं तर ती फाइल इन्स्टॉल करायची नाही. घाई असली तरी हे कुणी गाळू नका.

नांदेडहून
क्लासमधली पोरं हमखास विचारतात, "सर, डिपेंडन्सीचा एरर यायलाय, आता काय करू?" डेब फाइल (उबुंटू-मिंटची इन्स्टॉल करायची फाइल) 'डीपीकेजी हायफन आय' नं टाकली की असं होतं. डीपीकेजी हातातलं पॅकेज बसवतं. त्या पॅकेजला लागणाऱ्या लायब्ऱ्या, म्हणजेच डिपेंडन्सी, नेटवरून आणायचं काम त्याचं नाही. त्यामुळं पॅकेज अर्धवट राहतं. तेव्हा राहिलेल्या लायब्ऱ्या आणायला 'सुडो ॲप्ट हायफन एफ इन्स्टॉल' द्यायचं; सुडो म्हणजे ॲडमिनच्या हक्कानं. पण ॲप्ट लायब्ऱ्याही आणतं, म्हणून मी सुरुवातच त्यानं करायला शिकवतो: आधी 'सीडी डाउनलोड्स', मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल', आणि फाइलच्या नावाआधी टिंब व तिरकी रेघ. ही दोन चिन्हं राहिली तर ॲप्ट ते नाव रिपॉझिटरीत (सिस्टिमच्या नेटवरच्या सॉफ्टवेअर साठ्यात) शोधतं, आणि फाइल समोर असूनही सापडत नाही म्हणतं. नाव लांबलचक असलं तर पहिली अक्षरं टाइप करून टॅब दाबा. आणि हो, जे रिपॉझिटरीतच आहे ते बाहेरून उतरवूच नये. अपडेट आपोआप येत राहतात.

हिंगोलीहून
अंबाजोगाईच्या ताईंचं अगदी बरोबर. माझी एवढीच भर: टार फाइल (अनेक फायलींचं एकत्र बांधलेलं गाठोडं) उघडायच्या आधी 'टार टीएफ' नं आतली यादी बघा. काहींच्या आत स्वतंत्र फोल्डर नसतो, मग सगळ्या फायली डाउनलोड्सभर पसरतात.

सेलूहून
शेजारपाजारचे सातबारे, पीकविम्याच्या पावत्या मीच काढून देतो. सगळ्या पीडीएफ एकाच ठिकाणी पडतात, नावंही सारखीच. गावाच्या नावानं फोल्डर करून 'एमव्ही हायफन आय' नं हलवतो. त्याच नावाची फाइल तिथं आधीच असली तर ते विचारतं, गुपचूप पुसत नाही. नावात मोकळी जागा असली तर नाव अवतरणचिन्हात घ्या. मराठी नावंही बिनधास्त चालतात.

पुसताना मात्र जपून. 'आरएम' नं गेलेली फाइल कचरापेटीत जात नाही. म्हणून जी नावं पुसायची त्यांच्यावर आधी 'एलएस' चालवून यादी वाचतो, मग वरचा बाण दाबून एलएसच्या जागी आरएम लिहितो. लोकांची कागदपत्रं असली तर तेही नाही, 'जीआयओ ट्रॅश' वापरतो; फाइल कचरापेटीत राहते, मागितली तर परत काढून देता येते.