मदत हवी आहे: फोटो-व्हिडिओ ठेवायला नवीन हार्ड डिस्क, कुठली घ्यावी?

नमस्कार मंडळी,

माझ्या डेस्कटॉपमधली २ टीबीची हार्ड डिस्क आता बदलायला झालीय. साडेतीन इंची आहे, साटावाली (म्हणजे आतल्या केबलने मदरबोर्डला जोडायची), आणि तिच्यावर विंडोज वगैरे काही नाही, फक्त घरचा माल. म्हणजे सगळ्यांचे फोटो, फोनवरून उतरवलेले व्हिडिओ, आणि जुन्या कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घेतलेलं आईबाबांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त जपायचंय, कारण त्या कॅसेट आता वाजण्याच्या अवस्थेत राहिलेल्या नाहीत.

झालं असं की एक फोल्डर उघडताना एक्सप्लोरर अडकायला लागला. थोडा वेळ नुसतं गोल फिरत राहायचं आणि मग एकदम सगळे फोटो दिसायचे, म्हणून क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी स्मार्ट नावाची नोंद ठेवते ती दाखवणारा प्रोग्राम) टाकून बघितलं तर निळ्याचं पिवळं झालेलं, कॉशन म्हणजे धोक्याची सूचना. आत ०५ म्हणजे रीअॅलोकेटेड सेक्टरचा (खराब म्हणून बाद करून राखीव जागेवर हलवलेल्या तुकड्यांचा) आकडा आहे पण वाढत नाहीये, सी५ म्हणजे करंट पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे, अजून निकाल न लागलेले तुकडे) मात्र दर वेळी बघितलं की थोडा वर गेलेला असतो. सी७ म्हणजे डेटा केबलमधून जाताना झालेल्या चुकांचा आकडा शून्य आहे, त्यामुळे केबलचा दोष वाटत नाही. टकटक आवाज अजून नाही. वाचायला अडखळतेय पण वाचतेय, म्हणून रेकॉर्डिंग आणि फोटो आधीच दुसऱ्या एक्स्टर्नल डिस्कवर काढून घेतलेत, तिथे ते आधी होतेच पण परत एकदा ताजी कॉपी केली. व्हिडिओ सगळे मावत नाहीत. जुन्या डिस्कवर आता मी काहीच लिहीत नाहीये, चेकडिस्कही (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं साधन) चालवलं नाही, कारण मरायला टेकलेल्या डिस्कला उगाच जास्त फिरवायचं नाही असं माझं मत आहे.

आता खरा प्रश्न. साईज ४ टीबी पक्की धरलीय. सध्याची २ टीबीची विंडोजमध्ये १.८१ दिसते त्यातली दीड भरलीय, आणि फोनवर फोरके ३० फ्रेमला व्हिडिओ काढला की मिनिटाला पावणेदोनशे एमबीच्या आसपास जातात, तेव्हा यापेक्षा लहान घेण्यात अर्थ नाही. अडलंय ते प्रकारावर.

पहिला पर्याय तशीच साडेतीन इंची आतली डिस्क. इथे सीएमआर आणि एसएमआर या डिस्कवर लिहिण्याच्या दोन पद्धतींची भानगड आहे. माझ्या समजुतीप्रमाणे सीएमआरमध्ये ट्रॅक (ज्या गोल रेघांवर डेटा लिहितात त्या) शेजारी शेजारी सुटे असतात, एसएमआरमध्ये मात्र ते छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे मधलं काही बदलायचं तर शेजारचेही परत लिहावे लागतात. डिस्कवर थोडी राखीव जागा असते तिथे आधी पटापट लिहून घेते आणि नंतर निवांत जागेवर लावते, पण सलग खूप माल टाकला की ती राखीव जागा भरते आणि मग वेग धाडकन पडतो. माझी सुरुवातच दीड टीबीने होणार. सेकंदाला सरासरी १५० एमबी वेग मिळाला तर तीन तासात काम होईल, तोच ३० वर आला तर पंधरा तास. एकदाच करायचं असतं तर चाललं असतं, पण मी फोटो नंतर सॉर्ट करते, डुप्लिकेट काढते, फोल्डर इकडचे तिकडे करते, म्हणजे खोडणं आणि लिहिणं चालूच. तेव्हा माझा कल सीएमआरकडे आहे.

पण खोक्यावर हे लिहिलेलं नसतं! २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेत काही मॉडेल न सांगता एसएमआर निघाली होती, त्यावर बरीच ओरड झाली आणि मग त्यांनी यादी जाहीर करून सीएमआरवाल्या रेड प्लस नावाने वेगळ्या काढल्या. सीगेटचीही यादी त्यांच्या साईटवर आहे, त्यात बाराकुडाची ४ टीबी एसएमआर आहे आणि आयर्नवुल्फ सीएमआर. म्हणजे साध्या डेस्कटॉपला नॅसची (नेटवर्कवर जोडून सतत चालू ठेवायच्या साठवण-डब्यासाठी बनवलेली) डिस्क लावावी लागणार असं दिसतंय. कुणी आयर्नवुल्फ किंवा रेड प्लस साध्या पीसीत लावलीय का? आवाज किती येतो? पीसी झोपायच्या खोलीत आहे, त्यामुळे ७२०० आरपीएमपेक्षा ५४०० वाली बरी पडेल असं वाटतंय, व्हिडिओ बघायला तेवढा वेग भरपूर झाला.

दुसरा पर्याय अडीच इंची पोर्टेबल. यूएसबीवरच चालते, वेगळा अडॅप्टर नको, टीव्हीलाही लावता येते. पण त्यात आता बहुतेक सगळ्या एसएमआर असतात, आणि काहींमध्ये यूएसबीचं सॉकेट डिस्कच्याच बोर्डवर असतं, म्हणजे सॉकेट ढिलं झालं तर नुसती डिस्क काढून साटाला लावू म्हटलं तरी लावता येत नाही. रोजच्या मुख्य साठ्यासाठी मला हे पटत नाही, बॅकअपला ठीक.

तिसरा एसएसडी. सगळे म्हणतात आता हार्ड डिस्क कशाला. मान्य, पडली तरी सहसा काही होत नाही, आवाज शून्य. पण मोठ्या साईजच्या स्वस्त एसएसडी बहुतेक क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट कोंबणाऱ्या, म्हणून स्वस्त पण लिहायला हळू) असतात, आतली वेगवान तात्पुरती जागा म्हणजे कॅश भरली की त्याही रडतात, आणि नुसत्या कपाटात बंद ठेवायला एसएसडी हे माध्यम नाही. जेडेक या मेमरी-चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात साध्या एसएसडीने लिहिण्याची मर्यादा संपल्यावर ३० अंशाला बंद अवस्थेत १ वर्ष डेटा धरावा एवढीच अट आहे. नवीन असताना जास्त टिकतो हे मला माहीत आहे, तरी जीव धजावत नाही. पीसीत कायम लावून ठेवली तर हा मुद्दा उरत नाही ना?

अजून दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. जुनी डिस्क एमबीआर (डिस्कचे भाग नोंदवायची जुनी पद्धत) आहे. सरळ क्लोन केली तर एमबीआरच येईल आणि २ टीबीच्या पुढची जागा वापरता येणार नाही, म्हणून नवीन डिस्क जीपीटी (त्याचीच नवी पद्धत, जिला ही मर्यादा नाही) करून फाईली कॉपी कराव्यात हा विचार आहे, टेराकॉपी या कॉपी करायच्या प्रोग्रामने व्हेरिफाय (कॉपी मूळ फाईलशी जुळवून बघणं) लावून. पण पेंडिंग सेक्टरवर कॉपी अडकली तर काय? आधी डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरून वाचेल तेवढं काढून घेणाऱ्या प्रोग्रामने) अख्ख्या डिस्कची इमेज काढावी का सरळ कॉपीच? ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सांगा प्लीज.

आणि बॅकअपची डिस्क बहिणीच्या मॅकलाही लागते. एनटीएफएस म्हणजे विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट तिथे फक्त वाचता येतो. एक्सफॅट हा फॉरमॅट दोन्हीकडे चालतो पण त्याला जर्नलिंग (अर्धवट राहिलेले बदल सावरायला ठेवलेली नोंद) नाही, मधेच केबल निघाली तर भीती. तुम्ही काय ठेवलंय?

रेड म्हणजे RAID (एकच माल दोन डिस्कवर आपोआप लिहिणं, वरची रेड मालिका नव्हे) राहू द्या, दोन डिस्क लावायला कॅबिनेटमध्ये जागा नाही आणि चुकून डिलीट झालं तर ते दोन्हीकडून जातंच. दुसरी कॉपी वेगळी आणि तिसरी बहिणीकडे, असंच करणार आहे.

स्मार्टचा स्क्रीनशॉट कुणाला हवा असेल तर टाकते. तोपर्यंत पीसी बंदच ठेवलाय, फोनवरून उत्तरं बघेन.