'गिटार हिरो' चालला तो खेळामुळे की प्रसिद्धीमुळे?

तालयात्री:
संगीतावर आधारलेल्या व्हिडिओ गेमांविषयी वाचताना मला एक कोडे पडले आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हार्मोनिक्स या कंपनीने सोनीच्या प्लेस्टेशन २ या कन्सोलसाठी २००१ मध्ये 'फ्रीक्वेन्सी' आणि २००३ मध्ये 'अँप्लिट्यूड' असे दोन खेळ तयार केले. समीक्षकांनी दोन्हींची वाखाणणी केली, गिऱ्हाइकांनी मात्र पाठ फिरवली. त्याच कंपनीने त्याच कन्सोलसाठी २००५ च्या नोव्हेंबरात 'गिटार हिरो' आणला आणि त्याने अमेरिकेत धुमाकूळ घातला. पडद्यावरून आपल्याकडे सरकत येणारी चिन्हे ताल न चुकवता टिपायची, हा गाभा तर तिन्ही खेळांत सारखाच आहे. मग फरक कशाने पडला? प्रसिद्धीवर पैसा ओतला गेला होता का? आणि इतके यश मिळूनही २०११ मध्ये मालिका गुंडाळावी का लागली?

जुनी_कॅसेट:
पैसा ओतण्याइतका तो कोणाकडे नव्हताच. खेळ प्रकाशित करणारी रेडऑक्टेन ही कॅलिफोर्नियातील लहानशी कंपनी. काई आणि चार्ल्स हुआंग या बंधूंनी ती काढली तेव्हा इंटरनेटवरून व्हिडिओ गेम भाड्याने देणे हा तिचा धंदा होता. पुढे कोनामीच्या 'डान्स डान्स रिव्हॉल्यूशन' या पायांनी खेळायच्या खेळासाठी ती घरी अंथरता येतील असे पट विकू लागली. खेळाबरोबर वेगळे उपकरण घ्यायला लोक तयार असतात, हे तिला तिथे उमगले. कोनामीचाच 'गिटारफ्रीक्स' हा गिटारचा खेळ जपानमधील आर्केडांत (पैसे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनांत) गाजत होता. तसे काही अमेरिकेतल्या घराघरांसाठी करावे म्हणून रेडऑक्टेनने हार्मोनिक्सला गाठले, आणि सुमारे दहा लाख डॉलरांत काम उरकले, असे सांगितले जाते.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मला त्या प्लास्टिकच्या गिटारीत दिसते. गिब्सन एसजी या इलेक्ट्रिक गिटारीच्या घाटाची, पाच रंगीत बटणांची आणि छेडण्यासाठी एक पट्टी असलेली ती गिटार गळ्यात अडकवली की पुढे काय करायचे हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. 'फ्रीक्वेन्सी' नेहमीच्या कंट्रोलरवर खेळायचा असल्यामुळे पाहणाऱ्याला केवळ अंगठे हलवणारा माणूस आणि पडद्यावरील रंगीत बोगदा एवढेच दिसे. त्याची जाहिरात तरी कशी करणार? 'गिटार हिरो'चे खोके एवढे अवजड होते की ते फळीवर ठेवायला दुकानदार नाखूश असत, परंतु बेस्ट बायसारख्या साखळी दुकानांत खेळून पाहण्याची सोय झाल्यावर खेळणाऱ्याभोवती जमणारी गर्दी हीच त्याची प्रसिद्धी ठरली. पहिल्या वर्षी तरी पैसे मोजून केलेल्या जाहिरातींना मी फारसे श्रेय देणार नाही.

षड्जपंचम:
गिटारीचे महत्त्व मान्य करूनही मी गाण्यांना अधिक गुण देईन. पहिल्या खेळातील मुख्य ३० गाणी अमेरिकन श्रोत्यांच्या कानांत आधीच घोळत असलेली रॉक गाणी होती. मूळ ध्वनिमुद्रणांचे हक्क परवडत नसल्याने त्यांपैकी बहुतेक पुन्हा वाजवून घेतलेली होती, ही बाब वेगळी; ऐकणाऱ्याला त्याचे फारसे सोयरसुतक नव्हते. उलट 'फ्रीक्वेन्सी'चा भर इलेक्ट्रॉनिक संगीतावर होता आणि तेवढ्याने त्याचा श्रोतृवर्ग मर्यादित झाला.

त्यानंतर प्रसिद्धीचे वारे उलटे वाहू लागले, म्हणजे खेळच गाण्यांची जाहिरात करू लागला. २००७ च्या 'गिटार हिरो ३' मध्ये ड्रॅगनफोर्स या ब्रिटिश बँडचे एक अतिवेगवान गाणे होते. ते वाजवून दाखवणाऱ्या खेळाडूंच्या चित्रफिती यूट्यूबवर पसरल्या आणि मूळ गाण्याची विक्रीही वाढली. एरोस्मिथच्या नावाने निघालेल्या खेळातून त्या बँडला आपल्या कोणत्याही अल्बमपेक्षा जास्त पैसा मिळाला, असे पुढे या मालिकेची मालक झालेल्या अ‍ॅक्टिव्हिजनचे तत्कालीन प्रमुख बॉबी कॉटिक म्हणाले होते. तर वॉर्नर म्युझिक या ध्वनिमुद्रण कंपनीचे तेव्हाचे प्रमुख एडगर ब्रॉन्फमन यांची तक्रार होती की, ज्या गाण्यांवर हे खेळ उभे आहेत त्यांचा मोबदला फारच तुटपुंजा मिळतो. दोघांनी आपापल्या पेढीची बाजू मांडली, एवढेच त्यातून सिद्ध होते.

तालयात्री:
दोघांचेही आभार. मोठ्या जाहिराती मग केव्हा सुरू झाल्या? शेवटाचा प्रश्नही उरलाच आहे.

जुनी_कॅसेट:
दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. २००६ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनने रेडऑक्टेन विकत घेतली आणि त्याच वर्षी हार्मोनिक्स एमटीव्हीकडे गेली, त्यामुळे 'गिटार हिरो' हे नाव एकाकडे आणि ते घडवणारे हात दुसऱ्याकडे अशी वाटणी झाली. तिसरा भाग नेव्हरसॉफ्ट या दुसऱ्याच खेळनिर्मात्या कंपनीने केला आणि त्याची विक्री एक अब्ज डॉलरांच्या पुढे गेली. हार्मोनिक्सने ड्रम आणि गायनाची जोड देऊन २००७ मध्येच 'रॉक बँड' उतरवला. या चुरशीतून खर्चिक मोहिमा निघाल्या. २००८ च्या 'गिटार हिरो वर्ल्ड टूर' या पुढच्या भागाच्या जाहिरातीत कोबी ब्रायंट, मायकेल फेल्प्स, टोनी हॉक आणि अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ या नामवंत खेळाडूंना टॉम क्रूझच्या एका गाजलेल्या नृत्यदृश्याची नक्कल करायला लावली, ती याच काळात.

पुढच्या वर्षी मात्र अतिरेक झाला. एकट्या २००९ मध्ये मेटॅलिका आणि व्हॅन हेलनचे स्वतंत्र खेळ, जुन्या गाण्यांचा संग्रह, मुख्य मालिकेचा पाचवा भाग, 'बँड हिरो' आणि 'डीजे हिरो' एवढे सगळे बाजारात आले, आणि तेही मंदीच्या काळात. ज्याच्या घरी गिटार होती त्याला दुसरी नको होती. नुसती नवी गाणी हवी असतील तर ती इंटरनेटवरून उतरवून घेता येत होती. हा धंदा महागड्या खोक्यांच्या खपावर बेतलेला असल्याने २०११ च्या फेब्रुवारीत अ‍ॅक्टिव्हिजनने तो विभाग बंद केला. २०१५ चा 'गिटार हिरो लाइव्ह'ही फार तग धरू शकला नाही.

षड्जपंचम:
थोडी भर घालतो. हार्मोनिक्स २०२१ मध्ये एपिक गेम्सकडे गेली आणि २०२३ च्या डिसेंबरात एपिकच्या 'फोर्टनाइट' या ऑनलाइन खेळामध्ये तिने 'फेस्टिव्हल' नावाचा संगीताचा खेळ जोडला. तो सुरुवातीला साध्या कंट्रोलरवरच खेळायचा होता. गिटार जोडण्याची सोय नंतर झाली, आणि २०२४ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने त्यासाठी नवी गिटारही विक्रीस काढली.