मदत हवी आहे : मेंदूच्या स्कॅनरवर पीएचडी, आणि अमेरिकेतला सरकारी निधी आटतोय म्हणे

चारी नंबर सात

नमस्कार मंडळी. एरवी मी पाऊसपाण्याच्या धाग्यांवर असतो, त्यामुळे हा विषय माझ्याकडून बघून दचकू नका.

धाकट्या भावाची मुलगी. ई अँड टीसी केलं, मग बायोमेडिकलमध्ये एम.टेक. एमआरआय काढताना डोक्याभोवती पिंजऱ्यासारखं काहीतरी बसवतात ना, ती कॉइल. तिचं डिझाइन हा पोरीचा विषय. आता अमेरिकेतल्या एका विद्यापीठातून पीएचडीची ऑफर आली आहे, ७ टेस्लाच्या मशीनवर काम करणाऱ्या प्राध्यापकांकडे. टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप. दवाखान्यात दीड नाहीतर तीन टेस्लाची मशीनं असतात, हेही मला तिनेच सांगितलं.

घरातला आनंद तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी तिकडे पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करणाऱ्या ओळखीतल्या मुलाचा फोन आला की 'ब्रेन इनिशिएटिव्ह'चे, म्हणजे अमेरिकी सरकारच्या मेंदू-संशोधन योजनेचे, पैसे निम्म्यावर आलेत, जपून पाऊल टाका. तेव्हापासून वहिनी म्हणतात पाठवायचं नाही, भाऊ गप्प, पोरगी धुसफुसतेय, आणि सगळे माझ्याकडे बघतायत. कारण सरकारी खात्यात ३४ वर्षं काढलेला घरात मी एकटा. खातं पाटबंधारे होतं, हे कोणी लक्षात घेत नाही.

मी शोधलं ते असं. २ एप्रिल २०१३ला ओबामांनी ही योजना जाहीर केली, पहिल्या वर्षासाठी सुमारे १० कोटी डॉलर. मेंदूतल्या पेशी काम करत असताना त्यांच्याकडे बघता येईल अशी नवी साधनं तयार करायची, हा मुख्य हेतू. मग डिसेंबर २०१६मध्ये '२१व्या शतकातील उपचार कायदा' आला आणि त्यात या योजनेला दहा वर्षांसाठी १५१.१ कोटी डॉलर लिहून दिले. पण सारखे नाहीत! २०१७ला फक्त १ कोटी, २०२३ला एकदम ४५ कोटी, २०२४ला १७.२, २०२५ला ९.१, आणि २०२६चा शेवटचा हप्ता १९.५ कोटी. नेहमीचे २३ कोटी वेगळे. म्हणजे एकूण ६८ कोटींवरून ४०.२ आणि तिथून ३२.१.

हे बघून मला आमच्या फायली आठवल्या. प्रशासकीय मान्यता भल्या मोठ्या आकड्याची मिळते, पेढे वाटले जातात, आणि निधी वितरण दरवर्षी निराळंच. इथे तर चढउतार आधीच कायद्यात छापलेला आणि तरी लोक 'कपात झाली' म्हणून ओरडतायत, याचं नवल वाटलं. पण २०२६ संपल्यावर काय? पोरीची पीएचडी पाच-सहा वर्षं चालणार. मधेच प्राध्यापकाचे पैसे संपले तर ती उघड्यावर पडते का? आणि हेच काम आपल्याकडे कुठे होतं का? जाणकारांनी सांगावं.

पावभर साखर

काका, कपात छापलेली होती हे बरोबर पकडलंत. पण ओरड त्यासाठी नव्हती. कायद्यातला हप्ता खाली जाताना नेहमीच्या तरतुदीतून भर घातली जाईल असं सगळे धरून चालले होते, ती भर पडली नाही.

मी याच क्षेत्रात पोस्टडॉक आहे (तुमचा फोनवाला मी नव्हे). कमी झालेल्या पैशांची झळ आधी नव्या अर्जांना लागते, चालू ग्रँट सहसा छाटल्या जातात, बंद होत नाहीत. म्हणून 'योजनेत किती उरलं' यापेक्षा 'या प्राध्यापकाकडे काय आहे आणि कधीपर्यंत' हे विचारा. त्यासाठी कोणाच्या पाया पडायला नको. एनआयएच, म्हणजे आरोग्य-संशोधनाला ग्रँट देणारी तिकडची सरकारी संस्था, तिचं एनआयएच रिपोर्टर नावाचं संकेतस्थळ आहे, कोणालाही खुलं. प्राध्यापकाचं नाव टाकलं की प्रत्येक ग्रँटची रक्कम, सुरुवात आणि शेवटची तारीख दिसते.

आता घरात कोणी सांगितली नसेल अशी गोष्ट. तिकडच्या पीएचडीवाल्यांना बऱ्याच विद्यापीठांत प्रशिक्षण-ग्रँटमधून पगार मिळतो, ती विभागाकडे असते, प्राध्यापकाच्या नशिबाशी तिचा संबंध नसतो. पण एनआयएचच्या या ग्रँट फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी. आपली मुलं प्राध्यापकाच्या संशोधन-ग्रँटवर नाहीतर विभागातल्या शिकवण्याच्या कामावर. त्यामुळे पाणी कमी झालं की आधी कोणाला तहान लागते हे तुम्हीच ओळखा.

चारी नंबर सात

ओळखलं. पोरगी टेलला आहे, कालव्याच्या पार शेवटच्या टोकाला. धरणात किती टक्के साठा याला टेलवाल्याच्या लेखी अर्थ नसतो. आवर्तन सुटलं का, आणि वरच्यांचं भागून आपल्या चारीला किती आलं, एवढंच तो विचारतो. धन्यवाद ताई (की दादा?).

पावभर साखर

ताई. :)

सरळसोट

माफ करा पण मुळात प्रश्न असा आहे की करदात्यांनी उंदरांच्या मेंदूचे नकाशे काढायला पैसे का द्यावेत? खाजगी कंपन्या काढतील की गरज असली तर.

पावभर साखर

सरळसोट, उंदराचंच उदाहरण घेऊ. मिक्रॉन्स नावाच्या प्रकल्पात उंदराच्या दृष्टिकेंद्राचा जेमतेम एक घनमिलिमीटर तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पातळ पातळ कापून वाचला. निष्कर्ष एप्रिल २०२५मध्ये छापून आले : सुमारे ८४ हजार चेतापेशी आणि ५२ कोटींवर जोडण्या. यात ब्रेन इनिशिएटिव्हचा पैसा होता आणि अमेरिकी गुप्तचर यंत्रणेच्या संशोधन शाखेचाही, त्यांना मेंदूसारखं शिकणारं यंत्र हवं होतं. यातून विकण्याजोगं काय निघतं? आज तरी काही नाही. कंपनी कशाला हात घालेल?

स्कॅनरचंही तेच. बर्कलीतलं 'नेक्सजेन ७ टी' मशीन २०१७च्या १.३४ कोटी डॉलरच्या ग्रँटवर सुरू झालं, मोठी कंपनी भागीदार होती तरीही. २०२३मध्ये त्यांनी ०.४ मिलिमीटर इतक्या बारकाव्याने मेंदूचं चालू काम टिपून दाखवलं. जगभरात मोजकी गिऱ्हाइकं असलेल्या मशीनचा पहिला नग कोणीतरी तोट्यात बनवावा लागतो.

तुमच्या बाजूचा मुद्दाही देते, फुकट. एफएमआरआय, म्हणजे मेंदूचं चालू काम टिपणारा एमआरआय, ज्या खुणेवर चालतं, रक्तातल्या ऑक्सिजनमुळे बदलणारा तो सिग्नल, सेइजी ओगावांनी १९९०मध्ये दाखवला तो बेल लॅब्समध्ये. खाजगी टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा! पण तसली प्रयोगशाळा पाळणारी टेलिफोन कंपनी आज शोधून दाखवा.

क्वेंच पाइप

मी नाशिकला एमआरआय मशीनं दुरुस्त करतो, कॉइलचे कनेक्टर बदलून हाताला घट्टे पडलेत. काकांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

होतं हो आपल्याकडे. पवईला आयआयटीच्या आवारात 'समीर' ही केंद्र सरकारची संस्था आहे, त्यांनी दीड टेस्लाचं देशी मशीन बांधलंय, दिल्लीच्या एम्सला चाचण्यांसाठी द्यायचं ठरलं. दुसरं, बंगळूरच्या व्हॉक्सेलग्रिड्सचं दीड टेस्लाचं मशीन. त्याला बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणाऱ्या संस्थेकडून सरकारी पैसा मिळाला होता आणि ते आपल्या चंद्रपूरच्या कॅन्सर रुग्णालयात बसलंय. दोन्हीकडे कॉइल समजणारा माणूस सोन्यासारखा.

पण फरक लक्षात घ्या. ही मशीनं गावोगावच्या रुग्णांसाठी, स्वस्त पडावीत म्हणून. पुतणीला करायचंय ते मेंदूच्या थरांपर्यंत पोचायचं काम, तिथे ७ टेस्ला आणि त्याच्या वर. दोन्ही कामं मोठीच, पण एकीचं शिक्षण दुसरीत आपोआप मिळत नाही. मेंदूवरच राहायचं असेल तर मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आणि बंगळूरचं निम्हान्स बघावं.

आणि एक. या धंद्यात घाई चालत नाही. पॅरिसजवळ फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगाने ११.७ टेस्लाचं 'इझ्यू' बांधलं, नुसता चुंबक १३२ टनांचा. काम या शतकाच्या सुरुवातीला हाती घेतलेलं. २०२१मध्ये पहिलं चित्र काढलं ते एका भोपळ्याचं, माणसांच्या मेंदूची चित्रं २०२४मध्ये बाहेर आली. वीस वर्षं! आणि ग्रँट असते पाच वर्षांची. बाकी तुम्ही धरणवाले, तुम्हाला वीस वर्षांचं काय सांगायचं.

मेस बंद आहे

भारतात पीएचडी करतोय म्हणून सांगतो. जेआरएफ, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांची सरकारी पाठ्यवृत्ती, जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० रुपये अधिक घरभाडं. कागदावर ठीक. आमच्याकडे मागच्या वर्षी पाच महिने आलीच नाही, मग एका दुपारी पाचही महिन्यांची एकदम जमा झाली. तोवर मी मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपत होतो. २०२३च्या कायद्याने नवं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलंय, पाच वर्षांत ५०,००० कोटी म्हणतात, पण त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून उभा राहायचा आहे. तेव्हा 'तिकडे निधीचा भरवसा नाही म्हणून इथे राहा' असा सल्ला कोणी देत असेल तर मला हसू येतं.

सरळसोट

चंद्रपूरचं माहीत नव्हतं. बघतो.

चारी नंबर सात

सर्वांचे आभार. काल रात्री पुतणी, मी आणि वहिनी लॅपटॉपसमोर बसलो. रिपोर्टरवर प्राध्यापकांच्या दोन ग्रँट सापडल्या. ब्रेन इनिशिएटिव्हची २०२७च्या मध्यात संपते. दुसरी एनआयएचच्याच वेगळ्या संस्थेची, ती २०२९पर्यंत. वहिनींनी आकडे स्वतः वहीत उतरवून घेतले.

मग ऑफर लेटर पुन्हा वाचलं. पाच वर्षांच्या पगाराची हमी आहे, पण वाक्याच्या शेपटीला 'निधीच्या उपलब्धतेनुसार' असं जोडलेलं. हे शब्द मी आयुष्यभर शासन निर्णयांत वाचलेत, त्यांचा अर्थ मला कोणी शिकवायला नको. विचारावं तर पोरगी म्हणते काका, एवढं खोदून विचारलं तर ते रागावतील, ऑफर काढून घेतील. २०२५मध्ये तिकडच्या काही विद्यापीठांनी दिलेले प्रवेश मागे घेतल्याचं तिने वाचलंय. ताई, विचारलेलं चालतं का? आणि कोणाला विचारायचं?

पावभर साखर

चालतं, आणि न विचारणारेच नंतर रडतात. तेव्हाचे प्रवेश पैशांच्या धास्तीने गेले, विद्यार्थ्याने प्रश्न विचारला म्हणून कोणाचा गेला नाही. प्राध्यापकांना नको, विभागाच्या पदव्युत्तर समन्वयकांना ईमेल करा, त्यांचं कामच ते आहे. तीन ओळी पुरेत : मार्गदर्शकाची ग्रँट मधेच संपली तर विभाग शिकवण्याचं काम किंवा अन्य निधी देतो का, गेल्या काही वर्षांत अशी वेळ कोणावर आली होती का, आणि तेव्हा काय केलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट वाचायचं, पहिल्याला सगळेच 'हो' म्हणतात.

बहुतेक विद्यापीठं होकारासाठी १५ एप्रिलपर्यंत मुदत देतात, त्याआधी घाई करू नका. आणि पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत फिरायची सोय असेल तर त्यातली एक ब्रेन इनिशिएटिव्हवर न चालणारी निवडायला सांगा.

चारी नंबर सात

ईमेल गेलं. पुतणीने लिहिलं, मी 'कृपया' दोन ठिकाणी वाढवले, तिने एक काढून टाकला.

उत्तर आज पहाटे आलं. २०२४मध्ये त्यांच्याकडे दोघांवर अशी वेळ आली होती. एकाला दोन सत्रं शिकवण्याचं काम दिलं, दुसरीने प्रयोगशाळा बदलली. दोघेही अजून तिथेच आहेत. वहिनींनी ते दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, तिकडे थंडी किती असते. धागा आता स्वेटरकडे वळणार असं दिसतंय. तिकडच्या मंडळींनी सांगावं, इथून काय न्यावं आणि काय तिथेच घ्यावं?