पत्रकारिता विभागाच्या यशाबाबत थोडी भर

विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागातील विद्यार्थ्यांना मिळालेली पारितोषिके आणि वृत्तसंस्थांतील नोकऱ्या यांची माहिती देणारी यादी वाचून मनापासून आनंद झाला. मात्र त्या यादीत विभागाच्या प्रायोगिक अंकाचा, म्हणजे विद्यार्थ्यांनी सरावासाठी काढलेल्या वृत्तपत्राचा, उल्लेख नाही, आणि माझ्या मते खरे यश तिथेच दिसते. बातमी मिळवण्यापासून मथळा बसवण्यापर्यंत आणि शेवटचे मुद्रितशोधन होईपर्यंत सर्व कामे विद्यार्थी स्वतः करतात, तेव्हाच माहिती पडताळून घेण्याची सवय अंगवळणी पडते.

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मुलांना तर हे शिक्षण फार मोलाचे आहे. इथे ग्रामपंचायतीचे ठराव, जमिनीची पहाणी (सातबारासारखा जमिनीचा उतारा) आणि सरकारी परिपत्रके कन्नडमध्ये निघतात, तर आपला वाचक ती बातमी मराठीत वाचतो. त्यामुळे पहाणीतला सर्व्हे क्रमांक, खातेदाराचे नाव आणि क्षेत्र मूळ कागदावरून स्वतः वाचू शकणारा वार्ताहर दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबून राहत नाही. १९१९ साली बाबुराव ठाकुरांनी ज्या बेळगावात ‘तरुण भारत’ हे वृत्तपत्र सुरू केले, त्या गावात असे वार्ताहर घडावेत ही अपेक्षा काही अवाजवी नाही.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात मराठीतून पत्रकारिता शिकण्यासाठी इथली मुले जातात, ते योग्यच आहे. पण तिकडे जाण्यापूर्वी त्यांनी कन्नड वाचनाचा पाया पक्का करावा, आणि विभागांनीही सीमाभागातील विद्यार्थ्यांना अशा मूळ कागदपत्रांवर आधारित वार्तांकन प्रकल्प म्हणून द्यावे.