मुंबई–खांदेरी–मांडवा, स्वतःच्या बोटीने एका दिवसात: वेळ, पेट्रोल, नांगर?

बावीसफुटी:
बोट फायबरची, २२ फूट. मागे ११५ एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, टाकी १२० लिटरची. आम्ही सहा जण, त्यात दोन लहान मुलं आणि सत्तरीच्या आई. जानेवारीत पौर्णिमा शनिवारी येते आहे, तो दिवस धरला आहे. गेटवेपासून नऊला निघून आधी मांडवा, तिथे जेवण, दुपारी खांदेरी बेट आणि संध्याकाळी परत असा बेत आहे. पेट्रोल किती लागेल? खांदेरीला नांगर कसा टाकावा? आणखी काय बघून ठेवावं?

भांगाचं पाणी:
बोट चांगली आहे, बेत उलटा करा. सोबत लहान मुलं आणि आई आहेत, म्हणून आधी परतीची वेळ ठरवा आणि बाकी सगळं तिच्यावरून लावा.

पौर्णिमा सोडून अष्टमीच्या आसपासचा दिवस घ्या. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला ८ × पाऊण म्हणजे सहा, म्हणजे पहाटे सहाला भरती आणि बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. सव्वासातला उजाडल्यावर निघालात की ओहोटीचं पाणी तुम्हाला बंदराबाहेर नेतं. दुपारी एकला परत फिरलात की भरती तुम्हाला आत आणते, आणि तेव्हा सुटणारा खारा वाराही बाहेरून आतच येत असतो. दोघं एका दिशेला असले की लाट लांब आणि बसकी राहते.

पौर्णिमेला नेमकं उलट होतं. भरती सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान, म्हणजे जाताना पाणी समोरून आणि दुपारनंतर परतताना ओहोटीही समोरून. उधाणाला बंदरात हा प्रवाह दोन नॉटच्या (तासाला दोन सागरी मैलांच्या) पुढेही जातो. त्यावर वारा विरुद्ध दिशेने आला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. २२ फुटी बोट प्रत्येक लाटेवर आपटते आणि बसलेल्यांच्या पाठीचं भुस्कट पडतं.

तिथीचा हिशोब घरी बसून दिवस निवडण्यापुरता. निघताना भरती-ओहोटीचं छापील कोष्टक बघाच, कारण मुंबईत एकाच दिवसातल्या दोन भरत्या आणि दोन ओहोट्या सारख्या उंचीच्या नसतात.

क्रमही बदला. लांबचं ठिकाण आधी घ्या, म्हणजे खांदेरी (गेटवेपासून साधारण १३ सागरी मैल). सकाळी समुद्र निवांत असतो. मग तिथून मांडवा (७ मैल), आणि शेवटचा टप्पा ८ मैलांचाच उरतो. मांडव्याला धक्क्याला लागायचं असेल तर आधी विचारून घ्या आणि रो-रोच्या (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीच्या) वाटेत नांगर टाकू नका.

नाळेवरचा:
पेट्रोलचं: एकूण २८-३० मैल. १६ नॉटने, ४००० आरपीएमच्या आसपास हे इंजिन तासाला २० लिटर धरा. म्हणजे दोन तासांचे ४०, अधिक हळू चालणं आणि वळसे यांचे १०. एक तृतीयांश राखीव हवं, म्हणून निदान ७५-८० लिटर. तरीही टाकी पूर्ण भरा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते ओल शोषतं. अर्धी टाकी आठवडे पडून राहिली तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला जातं आणि इंजिन ऐन मध्यावर बंद पडतं. निघण्यापूर्वी फिल्टरची वाटी काढून काचेच्या बरणीत ओता. तळाशी वेगळा थर दिसला की त्या दिवशी निघू नका.

सुरू केल्यावर इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार बघा, आणि दिवसभर बघत राहा. बंदरात प्लास्टिकच्या पिशव्या इतक्या आहेत की आत पाणी घेण्याची जाळी केव्हाही झाकली जाते. धार बारीक झाली तर इंजिन बंद करा, वर उचला, पिशवी काढा. तापल्याचा भोंगा वाजायची वाट बघू नका.

मोठ्या जहाजांचा मार्ग काटकोनात आणि जहाजाच्या मागून ओलांडा. अशा मार्गात २० मीटरपेक्षा लहान बोटीने मोठ्या जहाजाला अडथळा करायचा नाही, असा नियम आहे. शिवाय ते जहाज तुमच्यासाठी थांबूही शकत नाही. नौदलाची जहाजं आणि जवाहरद्वीपचा तेलाचा धक्का यांपासून लांबच राहा.

डोलीच्या (समुद्रात रोवून ठेवलेल्या) जाळ्यांचं सगळ्यात जपा. थर्माकोल, रिकामे कॅन, काळी फडकी रांगेत दिसली की मधून जाऊ नका, पूर्ण वळसा घाला. कोळ्यांचं पोट त्या जाळ्यावर आहे. दोर पंख्यात (प्रोपेलरमध्ये) गेलाच तर आधी न्यूट्रल, मग इंजिन बंद, मग वर उचलून सुरीने कापा. रिव्हर्स मारून सोडवायला गेलात तर तो आणखी आवळतो.

बावीसफुटी:
दिवस बदलला, क्रमही. दोघांचे आभार. नांगराचं राहिलं.

भांगाचं पाणी:
मुख्य भूमीकडच्या बाजूला, आडोशाला थांबा. शेजारच्या उंदेरी बेटाभोवतीच्या खडकांच्या जवळ जाऊ नका. तुम्ही साडेआठला पोचाल तेव्हा पाणी उतरत असेल, हे विसरू नका. चढत्या पाण्यात टेकलेली बोट आपोआप सुटते. उतरत्या पाण्यात टेकली तर दुपार उलटेपर्यंत अडकून पडते. म्हणून चार मीटर पाण्यातच नांगर टाका.

दोराचा हिशोब: थांबाल तेवढ्या वेळातली जास्तीत जास्त खोली, अधिक पाण्यापासून नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) उंची, गुणिले पाच. इथे ४ + १ = ५, म्हणजे २५ मीटर. उधाणाला पाणी साडेतीन-चार मीटर चढतं, तेव्हा हाच आकडा ४०-४५ होतो. ५० मीटर १२ मिमी नायलॉन दोर आणि पाच मीटर साखळी जवळ हवी. साखळी नसली तर नांगर आडवा पडत नाही, नुसता घसरतो.

तळ खडकाळ आहे, नांगर अडकणारच. साखळी शॅकलने (लोखंडी आकड्याने) नांगराच्या पंज्याकडच्या टोकाला जोडा आणि वरच्या कडीला फक्त जाड सुतळीने बांधा. अडकला तर बोट नांगराच्या बरोबर वर आणून ओढा. सुतळी तुटते आणि नांगर पंज्याच्या बाजूने सुटून येतो. मात्र अशा नांगरावर बोट सोडून सगळ्यांनी उतरायचं नाही. इंजिन चालवू शकेल असा एक जण बोटीवर हवाच.

वाऱ्याच्या अंदाजात दुपारी १२-१३ नॉटच्या वर आकडा असेल तर खांदेरी सोडून फक्त मांडवा करा. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात, मुलांना त्यांच्या मापाची. व्हीएचएफ रेडिओ चॅनल १६ वर. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३.

नाळेवरचा:
एक राहिलं. जाळ्याचा बारीक नायलॉन धागा पंख्यामागे गुंडाळून राहिला तर दांड्याचं सील कापतो, आणि त्या वेळी काहीच कळत नाही. परतल्यावर पंखा काढून बघा. नंतर गिअर ऑइलच्या खालच्या स्क्रूतून चमचाभर तेल काढा. दुधाळ आलं तर आत पाणी गेलंय. सील बदलून नवं तेल भरल्याशिवाय पुढची फेरी करू नका.