खिशातला करंबिट आणि कलम 37

करंबिट म्हणजे नखासारख्या वाकड्या पात्याचा, मुठीला बोट घालायची कडी असलेला चाकू. पातं 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद नसलं की परवाना लागत नाही, असं म्हणतात ते ठीकच आहे. पण तेवढ्यावर करंबिट खिशात घालून बाजारात जाऊ नका. सणवार, निवडणुका आल्या की आपल्या परभणी-नांदेडकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37(1) खाली हत्यारं बाळगायला बंदीचा आदेश निघतो, बहुधा 15 दिवसांचा. त्यात चाकूच काय, काठीसुद्धा येते. तिथे इंचांचा हिशेब चालत नाही.

पहिला तर बिनधारेचाच घ्या, कडीत बोट घालून पकड बसू द्या. धारेचा पुढे घ्याल तेव्हा आतला बाक सपाट दगडावर लागत नाही, गोल दांडीला पॉलिश पेपर गुंडाळून घासावा लागतो. शेतात सुतळी, ठिबकची नळी कापायला मात्र झकास.