ईडीएसएसचा आकडा सगळीकडे सारखाच असतो का?

गल्लीबोळ: 'मेंदूविकारतज्ज्ञ कुर्ट्झके यांची १९८३ची ईडीएसएस ही मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मज्जासंस्थेच्या आजारातील अपंगत्वाची जागतिक मोजपट्टी आहे, सहा म्हणजे सहाच, मग लंडन असो वा लातूर', हे काल इथे वाचले आणि गप्प बसवेना. चार ते सात या टप्प्यांत आकडा मुख्यतः चालण्यावर ठरतो: न थांबता, विनाआधार ५०० मीटर चालले तर ४, ३०० मीटरला ४.५, २०० मीटरला ५, १०० मीटरला ५.५, आणि १०० मीटरलाही काठी लागली की ६. माझ्या पत्नीच्या कागदावर तीन वर्षे ४.५ आहे. अंतर कोणी मोजले नाही, "किती चालता?" असे विचारले, ती "मंडईपर्यंत" म्हणाली, तेच लिहिले गेले.

मोजमाप: ते वाक्य माझेच आहे आणि मी ते मागे घेणार नाही. औषधांच्या चाचण्यांत परीक्षक प्रशिक्षित असतात आणि वाढलेला आकडा १२ किंवा २४ आठवड्यांनी पुन्हा पडताळला जातो. मोजणाऱ्याची हयगय पट्टीच्या माथी मारू नका.

वऱ्हाडकर: उन्हाचे काय? माझा भाऊ जानेवारीत सहज अर्धा किलोमीटर चालतो, आणि मे महिन्यात दवाखान्याच्या फाटकापासून कडुनिंबापर्यंत जाऊन खाली बसतो. यातला खरा आकडा कोणता?

मोजमाप: उष्णतेने वाढलेली लक्षणे अंग थंड झाल्यावर ओसरतात. त्यांना आजाराची वाढ मानले, तर औषध विनाकारण बदलले जाईल.

वऱ्हाडकर: तुमचे 'ओसरणे' आमच्याकडे मार्च ते जून लांबते! त्या चार महिन्यांत त्याने नोकरी गमावली. त्या त्रासाला तात्पुरता म्हणण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

रेडिंगवासी: इंग्लंडमध्ये २०१३पासून अपंगत्वाच्या नव्या भत्त्यात चालण्यासाठीच्या वरच्या दराला २० मीटरची कसोटी आहे, जुन्या भत्त्यात साधारण ५० मीटर धरत. पाय तेच राहिले, पात्रता बदलली. शिवाय मला सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, आणि चालण्यावर बेतलेल्या आकड्यात ते जवळजवळ उमटतच नाही. छिद्रांत नऊ खुंट्या बसवायच्या हाताच्या चाचणीत मात्र लगेच दिसले.

मोजमाप: हातांचा मुद्दा मान्य करावा लागतो. अंतर फितीने मोजावे, महिना आणि वेळ नोंदवावी, हेही मान्य. पट्टी प्रांतागणिक बदलावी, हे मात्र मुळीच मान्य नाही.

गल्लीबोळ: पट्टी बदला असे मी म्हटलेच नव्हते. आज सकाळी सोसायटीच्या गल्लीत फीत टाकून खडूने खुणा केल्या. १८० मीटरवर पत्नी एका स्कूटरला टेकली आणि पुढे जाईना. म्हणजे चालण्यापुरते ४.५ नव्हे, ५.५. पुढच्या तपासणीला तारीख-वेळेसह तो कागद घेऊन जाणार आहे.